खासदारांना प्रश्न पाठवताय? घरकुल, टॅक्स आणि सरकारी खर्चावरचा संसदीय प्रश्न बांधायचा कसा

दर अधिवेशनाच्या आधी हाच प्रकार होतो. कोणीतरी चार पानी निवेदन तयार करतं, वर ‘मा. खासदार साहेब’ आणि खाली ‘हे संसदेत विचारावे ही नम्र विनंती’, मध्ये सगळा राग. खासदारांच्या ऑफिसातला पोरगा ते वाचतो, त्यात प्रश्न कुठेच सापडत नाही, मग फाइलला लावतो आणि विषय संपतो. पाठवणाऱ्याला वाटतं साहेबांनी दाबलं. मी काही वर्षं असे मसुदे बघतोय, आणि खरं सांगायचं तर दाबलेल्यापेक्षा चुकीचे बांधलेलेच प्रश्न जास्त मरतात, म्हणून हे टप्प्याटप्प्याने लिहितोय. उदाहरणं घरं, टॅक्स आणि सरकारी खर्च या तीनच विषयांची घेतली आहेत, कारण लोक सगळ्यात जास्त यांच्यावरच पाठवतात आणि सगळ्यात जास्त यांच्यातच चुकतात.

एक गोष्ट आधीच डोक्यात पक्की करा. संसदीय प्रश्न म्हणजे तक्रार नाही. मंत्रालयाच्या रजिस्टरमध्ये असलेला आकडा सही-शिक्क्यासह बाहेर काढायचं ते साधन आहे. आकडा त्यांच्याकडे कोणत्या नावाने ठेवलाय हे माहीत नसेल तर तो बाहेर येत नाही.

टप्पा १: हा प्रश्न दिल्लीचा आहे का ते बघा

निम्मे प्रश्न इथेच पडतात. लोकसभेच्या नियमांप्रमाणे (नियम ४१) ज्या गोष्टीला भारत सरकार मुळात जबाबदार नाही त्यावर प्रश्न घेत नाहीत, आणि घेतलाच तरी उत्तर ठरलेलं असतं: ‘जमीन आणि वसाहत हे राज्याचे विषय आहेत’. हे वाक्य घरांवरच्या उत्तरांमध्ये इतक्या वेळा येतं की मला तोंडपाठ झालंय.

तर ढोबळ वाटणी अशी. स्टॅम्प ड्युटी, रेडी रेकनर, म्हाडा, झोपडपट्टी पुनर्वसन, गुंठेवारी हे सगळं राज्याचं, त्यासाठी आमदार गाठा आणि विधानसभेत किंवा विधान परिषदेत विचारायला लावा. घरपट्टी तर महापालिकेची, नगरपालिकेची किंवा ग्रामपंचायतीची, ती दोन्हीकडे नेऊन उपयोग नाही, तिथे नगरसेवक किंवा ग्रामसभा. रेराचं (बिल्डर आणि घर-प्रकल्पांवर नियंत्रण ठेवणारा कायदा) जरा विचित्र आहे, कायदा २०१६ चा केंद्राचा पण अंमलबजावणी राज्याच्या प्राधिकरणाकडे, त्यामुळे ‘अमुक बिल्डरवर कारवाई का नाही’ हे दिल्लीला विचारून काही मिळत नाही, ‘किती राज्यांनी नियम केले, किती प्रकल्प नोंदले, किती तक्रारी निकाली निघाल्या’ हे मिळतं.

केंद्राकडे गेल्यावरही कोणतं मंत्रालय हा वेगळा घोळ. प्रधानमंत्री आवास योजनेच्या दोन बाजू आहेत, शहरी भाग गृहनिर्माण आणि शहरी कामकाज मंत्रालयाकडे आणि ग्रामीण भाग ग्रामविकास मंत्रालयाकडे. एकाच प्रश्नात दोन्ही घातले तर प्रश्न एका मंत्रालयाकडे जाणार आणि दुसऱ्याचा भाग ‘आमच्याशी संबंधित नाही’ म्हणून सुटणार. होम लोन, व्याजदर, बँका हे अर्थ मंत्रालयातला वित्तीय सेवा विभाग बघतो. इन्कम टॅक्स आणि जीएसटी महसूल विभागाकडे.

तपासा: तुमच्या प्रश्नातल्या प्रत्येक ओळीपुढे मंत्रालयाचं नाव लिहा. दोन वेगळी नावं आली तर दोन वेगळे प्रश्न करा.

आणि हो, तुमचे खासदार केंद्रात मंत्री असतील तर ते प्रश्न विचारत नाहीत. अशा वेळी राज्यातले दुसरे खासदार बघा. महाराष्ट्राचे लोकसभेत ४८ आणि राज्यसभेत १९ सदस्य आहेत आणि खासदाराने फक्त आपल्याच मतदारसंघाबद्दल विचारावं असा काही नियम नाही.

टप्पा २: आधीची उत्तरं वाचा, सगळी

हा टप्पा लोक हमखास टाळतात. संसद डॉट इन या वेबसाइटवर लोकसभा आणि राज्यसभा दोन्हींचे प्रश्न-उत्तरं पीडीएफमध्ये आहेत. मंत्रालय, सदस्याचं नाव, अधिवेशन, प्रश्नाचा प्रकार असे फिल्टर लावता येतात. मराठीत शोधून काही येत नाही, शीर्षकं इंग्रजी आणि हिंदीत असतात, त्यामुळे योजनेचं इंग्रजी नाव टाकून शोधा, आणि स्पेलिंग बदलून दोन-तीनदा शोधा, कारण एकाच योजनेची शीर्षकं दहा प्रकारे लिहिलेली असतात.

वाचताना तीन गोष्टी टिपून ठेवा:

- उत्तराचा प्रश्न क्रमांक आणि तारीख. पुढे लय कामाला येतं.
- मंत्रालय कोणते शब्द वापरतं. तुम्ही ‘घरकुल’ म्हणता, ते ‘सँक्शन्ड’ (मंजूर), ‘ग्राउंडेड’ (काम सुरू), ‘कम्प्लिटेड’ (पूर्ण) म्हणतात.
- कुठल्या भागाला उत्तर दिलंच नाही. प्रश्नात पाच भाग असतात आणि उत्तर सुरू होतं ‘क ते ङ’ असं सगळं एकत्र बांधून, मग दोन परिच्छेद योजनेची माहिती, आणि नेमका अडचणीचा भाग गायब.

तुमचा प्रश्न तिथेच, त्या गायब भागात असतो.

सावधान: ज्याचं उत्तर आधीच देऊन झालंय तोच प्रश्न पुन्हा विचारला तर नियमानेच नाकारतात. सहज मिळणाऱ्या सरकारी कागदपत्रांत छापलेली माहिती विचारली तरी तेच. उदाहरण सांगतो. टॅक्समधल्या सवलतींमुळे किती महसूल सुटला हा आकडा खूप जणांना संसदेत विचारावासा वाटतो. तो दरवर्षी बजेटच्या कागदपत्रांत, रिसीट बजेटच्या (सरकारच्या जमेचा भाग) परिशिष्टात छापून येतो. तो वाचा, आणि त्यात जे फोडून दिलेलं नाही ते विचारा.

टप्पा ३: तक्रारीतून आकडा काढा

सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा. विषयवार सांगतो.

घरं. ‘किती घरं दिली’ हा प्रश्न विचारलात तर हरलात, कारण ‘दिली’ या शब्दाचे चार अर्थ आहेत. शहरी योजनेत घर आधी मंजूर होतं, मग काम सुरू होतं, मग पूर्ण होतं आणि मग कोणीतरी त्यात राहायला जातं. प्रत्येक पायरीवर आकडा खाली येतो. तुम्ही नुसतं ‘किती घरं’ विचारलं की मंत्रालय सगळ्यात मोठा आकडा म्हणजे मंजुरीचा सांगून मोकळं. म्हणून चारही पायऱ्या नाव घेऊन वेगवेगळ्या विचारा, आणि शेवटची तर नक्कीच, बांधून पूर्ण झालेली पण ताबा न दिलेली घरं किती. बिल्डर किंवा सरकारी संस्थेमार्फत बांधलेल्या इमारतींमध्ये हा आकडा बोलका असतो, कारण इमारत उभी राहते आणि पाणी, ड्रेनेज, रस्ता नसतो.

ग्रामीणमध्ये हप्त्यांचा हिशोब आहे. सपाट भागात एका घराला १ लाख २० हजार, डोंगरी भागात १ लाख ३० हजार, आणि हे पैसे कामाच्या टप्प्याप्रमाणे हप्त्यांत येतात. बहुतेक राज्यांत केंद्र ६० आणि राज्य ४० टक्के देतं. आता गावातला माणूस म्हणतो ‘माझा हप्ता अडकला’. हे वाक्य प्रश्नात असं उतरतं: पहिला हप्ता मिळाल्यावर अमुक महिन्यांत दुसरा हप्ता न मिळालेले लाभार्थी किती. बघा, तक्रार तीच, पण आता तिला मोजता येतं.

बंद पडलेल्या घटकांवरही लोक ताजे असल्यासारखे प्रश्न पाठवतात. शहरी योजनेतली होम लोनवरची व्याज-सबसिडी मध्यम उत्पन्न गटासाठी ३१ मार्च २०२१ ला आणि बाकीच्यांसाठी ३१ मार्च २०२२ ला संपली. ‘ती कधी मिळणार’ असं विचारू नका. ‘मुदतीत आलेले पण निकाली न निघालेले अर्ज किती’ असं विचारा. १ सप्टेंबर २०२४ पासून शहरी योजनेचा दुसरा टप्पा सुरू आहे, म्हणून जुना टप्पा की नवा हे प्रश्नातच लिहा, नाहीतर दोन्हींची बेरीज करून उत्तर येतं आणि मग तुम्ही बसा वेगळं काढत.

टॅक्स. इथे दोन भिंती आहेत. पहिली, जीएसटीचे दर. ‘अमुक वस्तूवरचा जीएसटी कमी का करत नाही’ याला उत्तर एकच: दर जीएसटी परिषदेच्या शिफारशीने ठरतात. भिंतीला डोकं आपटून फायदा नाही, बाजूने जा: परिषदेकडे या वस्तूबद्दल मागण्या आल्या का, कोणाकडून, त्या कोणत्या बैठकीत ठेवल्या. दुसरी, वस्तूनुसार वसुली. २२ सप्टेंबर २०२५ पासून सिमेंटवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला, तेव्हा ‘सिमेंटवर आधी किती जीएसटी मिळत होता आणि आता किती’ हा प्रश्न सुचणं साहजिक आहे. पण ज्या मासिक रिटर्नवर टॅक्स भरला जातो ते एकत्रित असतं, वस्तूनुसार भरलेला टॅक्स त्यात वेगळा निघत नाही, त्यामुळे ‘अशी माहिती ठेवली जात नाही’ हे उत्तर जवळजवळ ठरलेलं. राज्यवार वसुली, परतावे, थकीत परतावे हे मात्र ठेवलं जातं.

एखाद्या कंपनीचं किंवा माणसाचं नाव घेऊन त्याचा थकलेला टॅक्स विचारू नका, करदात्याची माहिती कायद्याने उघड करता येत नाही म्हणून परत पाठवतात. थकबाकी एकूण विचारा, आणि तिच्यातली ‘वसूल होणं अवघड’ म्हणून वेगळी काढलेली रक्कम किती हे जरूर विचारा, कारण खात्याच्या स्वतःच्या हिशोबातच तो कप्पा आहे.

सेस आणि सरचार्ज, म्हणजे टॅक्सवर वरून लावलेले जादा आकार, हा अजून एक चांगला विषय. हे पैसे राज्यांसोबत वाटल्या जाणाऱ्या हिश्शात येत नाहीत, म्हणून ‘एकूण टॅक्स वसुलीत सेस आणि सरचार्ज किती, वर्षवार’ एवढ्या एका ओळीत राज्याच्या वाट्याचा सगळा मुद्दा उघडा पडतो. वेगळं भाषण लागत नाही.

सरकारी खर्च. शब्द तीन आहेत आणि तिन्ही वेगळे: बजेटमधला अंदाज, सुधारित अंदाज आणि प्रत्यक्ष खर्च. फेब्रुवारीत बजेट येतं तेव्हा त्यात पुढच्या वर्षाचा अंदाज, चालू वर्षाचा सुधारित अंदाज, आणि प्रत्यक्ष खर्च मात्र त्याच्याही मागच्या वर्षाचा असतो. लोक यातला एका वर्षाचा अंदाज आणि दुसऱ्या वर्षाचा प्रत्यक्ष खर्च शेजारी ठेवून ‘निधी कापला’ म्हणतात. तसं करू नका, मंत्रालय एका वाक्यात उडवून लावतं आणि तुमच्या खासदारांची सभागृहात शोभा होते.

आणि मुख्य गंमत पुढे आहे. केंद्राने राज्याला पैसे पाठवले की केंद्राच्या वहीत तो खर्च झाला. पण ते पैसे प्रत्यक्षात योजनेच्या राज्यातल्या एकाच नोडल खात्यात (योजनेचे पैसे ठेवायचं बँक खातं) पडून असू शकतात, २०२१ पासून केंद्र पुरस्कृत योजनांना ही पद्धत लावली. म्हणून ‘किती खर्च केला’ हा प्रश्न अर्धवट आहे. असं विचारा: केंद्राने किती सोडले, राज्याने आपला वाटा किती घातला, नोडल खात्यात अमुक तारखेला किती शिल्लक होते, आणि किती रकमेची उपयोगिता प्रमाणपत्रं (पैसे ठरलेल्या कामावर खर्च झाल्याची लेखी खात्री) यायची बाकी आहेत. हे चार आकडे शेजारी आले की पैसा कुठे थांबलाय ते पोरसुद्धा सांगेल.

तपासा: प्रत्येक ओळीत चार गोष्टी आहेत का? काय मोजायचं, कोणत्या पायरीवर, कोणत्या काळात, कोणत्या भागात. एकही नसेल तर ती ओळ कच्ची.

टप्पा ४: आता लिहा

साचा ठरलेला आहे. ‘अमुक मंत्री कृपया सांगतील काय की’ आणि खाली क, ख, ग असे भाग. शब्दमर्यादा साधारण दीडशे. मी पाचाच्या वर भाग करत नाही.

माझ्याकडे आलेल्यांपैकी बरेच मसुदे या धाटणीचे असतात:

‘आमच्या तालुक्यात घरकुल योजनेत प्रचंड भ्रष्टाचार चालू असून गरिबांना हप्ते मिळत नाहीत, सरकार झोपले आहे काय, दोषी अधिकाऱ्यांवर कारवाई कधी करणार, आणि असेच चालू राहिले तर सर्वांना घर कसे मिळणार?’

यात आरोप आहे, टोमणा आहे, ‘असंच चालू राहिलं तर’ असा काल्पनिक भाग आहे, आणि मोजण्यासारखं काहीच नाही. नियमात आरोप, उपरोध, निष्कर्ष, काल्पनिक गोष्टी, मत विचारणं हे सगळं चालत नाही. म्हणजे या एका वाक्यात बाद व्हायची चार कारणं झाली. आता हाच राग असा बांधा:

ग्रामविकास मंत्री कृपया सांगतील काय की:

(क) प्रधानमंत्री आवास योजना-ग्रामीणअंतर्गत मागील तीन वर्षांत आणि चालू वर्षात महाराष्ट्रात मंजूर झालेली, पहिला हप्ता दिलेली आणि पूर्ण झालेली घरे किती, जिल्हानिहाय व वर्षनिहाय;

(ख) मंजुरीला बारा महिने उलटूनही अपूर्ण असलेली घरे किती, आणि त्यांपैकी किती लाभार्थ्यांना फक्त पहिलाच हप्ता मिळाला आहे, जिल्हानिहाय;

(ग) याच काळात केंद्राने सोडलेला निधी, राज्याने घातलेला वाटा आणि लाभार्थ्यांच्या खात्यात जमा झालेली रक्कम किती, वर्षनिहाय;

(घ) योजनेतील अनियमिततेच्या किती तक्रारी मंत्रालयाकडे आल्या व किती राज्य सरकारकडे पाठवल्या;

(ङ) अपूर्ण घरे पूर्ण करण्यासाठी सरकारने ठरवलेली कालमर्यादा कोणती?

भ्रष्टाचार हा शब्द गेला, पण तो (घ) मध्ये बसलाय. तालुका गेला आणि जिल्हा आला, कारण दिल्लीतल्या उत्तराला जिल्ह्याखाली नेलं की ‘माहिती गोळा केली जात आहे’ असं उत्तर येतं आणि मग महिनोन्महिने वाट बघा. सगळ्या देशाची माहिती हवी असेल तर राज्यवार विचारा, जिल्हावार हवी असेल तर एकाच राज्याची विचारा, दोन्ही हट्ट एकदम नको. (ङ) मधली कालमर्यादा मुद्दाम आहे, का ते टप्पा ८ मध्ये येईल.

‘आजपर्यंत’ लिहू नका, तारीख लिहा किंवा ‘मागील तीन वर्षे आणि चालू वर्ष’ म्हणा. ‘याबाबत सरकारने काय पावले उचलली’ ही ओळ सगळे सवयीने घालतात आणि मग उत्तराचं दीड पान त्याच ओळीने भरतं, योजनेचं माहितीपत्रक तसंच्या तसं चिकटवलेलं. शक्यतो काढूनच टाका.

भाषेचं एक सांगतो. सूचना, म्हणजे खासदार प्रश्नाची जी लेखी नोटीस देतात ती, इंग्रजी किंवा हिंदीत जाते. तुम्ही मराठीत लिहिलंत तर ऑफिसातलं कोणीतरी घाईत भाषांतर करणार आणि ‘ताबा न दिलेली घरं’ याचं ‘न बांधलेली घरं’ होणार. माझ्यासमोर झालंय हे. सगळा प्रश्न वाया गेला आणि उत्तर आल्यावर कळलं. म्हणून मराठीच्या खाली आपणच हिंदी किंवा इंग्रजी मसुदा जोडा.

तपासा: कोर्टात अजून चालू असलेलं प्रकरण, संसदेच्या समितीसमोर असलेला विषय, एखाद्या माणसाच्या चारित्र्यावरची ओळ, यातलं काही राहिलंय का? असेल तर तेवढाच भाग काढा, बाकी प्रश्न वाचतो.

टप्पा ५: तारांकित की अतारांकित

हा वाद थोडक्यात मिटवतो: आकडे हवे असतील तर अतारांकित.

लोकसभेत दिवसाला २० तारांकित आणि २३० अतारांकित प्रश्न यादीत लागतात, राज्यसभेत १५ आणि १६०. तारांकिताला मंत्री तोंडी उत्तर देतात आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात, अतारांकिताला नुसतं लेखी उत्तर सभागृहाच्या पटलावर ठेवतात. क्रम सोडतीने लागतो, तासाभरात वीसच्या वीस क्वचितच होतात, उरलेल्यांना लेखीच उत्तर मिळतं. तारांकित हवाच असेल तर खासदारांना उपप्रश्न पाठ हवेत, आणि तेही तुम्हीच लिहून द्यायचे, दोन पुरे. तुमचे खासदार उभं राहून बोलणारे नसतील तर उगाच स्टार लावायला सांगू नका.

लोकसभेत एका सदस्याचे एका दिवसाच्या यादीत जास्तीत जास्त पाचच प्रश्न लागतात, त्यात तारांकित एकच. म्हणजे तुम्ही एकदम बारा प्रश्न पाठवलेत तर ऑफिस स्वतःच्या मर्जीने निवडणार. दोन पाठवा आणि पहिला कोणता ते सांगा.

टप्पा ६: तारीख मोजा, उलटी

किमान १५ पूर्ण दिवसांची सूचना लागते. ‘पूर्ण’ म्हणजे सूचना दिल्याचा दिवस आणि उत्तराचा दिवस दोन्ही सोडून. उत्तर २० तारखेला हवं असेल तर सूचना उशिरात उशिरा ४ तारखेला, कारण ५ ते १९ हे पंधरा दिवस मोकळे हवेत. लोक ५ तारीख धरतात आणि एका दिवसाने चुकतात.

शिवाय प्रत्येक मंत्रालयाचा वार ठरलेला असतो. मंत्रालयांचे पाच गट करून सोमवार ते शुक्रवार वाटून दिलेले असतात, ग्रामविकासचा वार वेगळा आणि अर्थ खात्याचा वेगळा असू शकतो. अधिवेशन जाहीर झालं की लोकसभेच्या बुलेटिनच्या भाग २ मध्ये कोणत्या तारखेच्या प्रश्नासाठी सूचना कधीपर्यंत याचा तक्ता येतो. मागच्या अधिवेशनाचा वार धरून चालू नका. राष्ट्रपतींच्या अभिभाषणाच्या आणि बजेटच्या दिवशी प्रश्नोत्तराचा तास नसतो हेही लक्षात ठेवा.

तपासा: शेवटच्या तारखेच्या निदान दहा दिवस आधी मसुदा ऑफिसात पोचतोय का? त्यांनाही वाचायला, बदलायला, साहेबांना दाखवायला वेळ लागतो.

टप्पा ७: खासदारांपर्यंत पोचवणं

एक पान प्रश्नाचं, एक पान टिपणाचं. टिपणात मागच्या उत्तराचा क्रमांक आणि तारीख, त्यातलं काय सुटलं, आणि आपल्या भागातला एक खरा किस्सा चार ओळींत. एवढंच. बातम्यांची कात्रणं, फोटो, सह्यांची यादी नको, ती मोर्चाला ठेवा.

एकच प्रश्न दोन-तीन खासदारांना दिला तर चालतं, सारखे प्रश्न लागले तर त्यांची नावं एकत्र जोडतात आणि सोडतीत तुमची शक्यता वाढते. पण प्रत्येकाला सांगून द्या, नाहीतर दोन ऑफिसं एकमेकांवर आणि मग तुमच्यावर चिडतात.

सावधान: प्रश्न ऑनलाइन जातो तो खासदाराच्या लॉगिनमधून. ‘द्या पासवर्ड, मी टाकतो’ असं गमतीतही म्हणू नका. लॉगिन दुसऱ्याला दिल्याच्या प्रकरणात डिसेंबर २०२३ मध्ये लोकसभेतल्या एका सदस्याचं सदस्यत्व गेलंय. आणि पैशाची, भेटवस्तूची, ‘खर्चपाण्याची’ बात कोणी काढली तर तिथून निघा: २००५ च्या डिसेंबरमध्ये प्रश्नासाठी पैसे घेतल्यावरून ११ खासदारांना एकदम घरी पाठवलं होतं. संघटनेचा किंवा धंद्याचा काही हितसंबंध असेल तर तो टिपणात स्वतःहून लिहा.

टप्पा ८: उत्तर आलं, आता वाचायचं कसं

आधी शेवटचं पान उघडा. परिशिष्ट तिथे असतं आणि खरं उत्तर तिथेच असतं, वरचा मजकूर बहुतेक योजनेची ओळख. मग प्रश्नाचा कागद शेजारी ठेवून एकेक भागावर टिक करा: मिळालं, अर्धं मिळालं, टाळलं.

टाळायच्या पद्धती ठरलेल्या आहेत. ‘माहिती संकेतस्थळावर उपलब्ध आहे’ असं म्हटलं तर त्याच दिवशी संकेतस्थळावर जाऊन बघा, नसेल तर स्क्रीनशॉट तारखेसह ठेवा. ‘अशी माहिती केंद्रीय पातळीवर ठेवली जात नाही’ म्हटलं तर राज्याकडे माहिती अधिकारात मागा, ३० दिवसांत उत्तर द्यायला हवं. ‘माहिती गोळा केली जात आहे आणि पटलावर ठेवली जाईल’ किंवा ‘विषय विचाराधीन आहे’ म्हटलं तर मात्र खूश व्हा.

का, तर अशी वाक्यं आश्वासन म्हणून नोंदतात. लोकसभेच्या सरकारी आश्वासन समितीकडे त्यांची यादी जाते आणि मंत्रालयाला ते पूर्ण करायला तीन महिने असतात, नाही जमलं तर मुदतवाढ मागावी लागते. मघाशी कालमर्यादा विचारली ती यासाठी. तीन महिन्यांनी खासदारांच्या ऑफिसला आठवण करून द्या, कारण तिथे कोणाच्याही लक्षात राहत नाही, आणि संसदीय कामकाज मंत्रालयाकडे या आश्वासनांचा हिशोब असतो.

आकडे वाचताना एक सवय लावा. मागच्या उत्तरातला आणि या उत्तरातला तोच आकडा शेजारी लिहा. समजा मागच्या वर्षीच्या उत्तरात एका जिल्ह्यात मंजूर घरं दहा हजार होती आणि या उत्तरात त्याच वर्षासाठी नऊ हजार, तर मंजुऱ्या रद्द झाल्या आहेत. त्याला कोणी बातमी म्हणणार नाही आणि मंत्रालय स्वतःहून सांगणार नाही, पण ज्यांची घरं यादीतून गेली ते हजार लोक तुमच्याच गावातले असू शकतात. लगेच घोटाळा म्हणून ओरडू नका मात्र. कधी लाभार्थी स्थलांतरित झालेला असतो, कधी जागा नसते, कधी दुबार नाव निघतं. कारण काय ते पुढच्या प्रश्नात विचारा.

टप्पा ९: पुढचा प्रश्न

उत्तर अपुरं असेल आणि विषय मोठा असेल तर खासदार अर्ध्या तासाची चर्चा मागू शकतात (नियम ५५), त्यासाठी तीन दिवसांची सूचना लागते. ती मिळणं अवघड, पण मागितल्याची नोंद राहते.

एरवी सरळ रस्ता म्हणजे पुढच्या अधिवेशनात ‘अमुक तारखेच्या अतारांकित प्रश्न क्रमांक अमुकच्या उत्तराच्या संदर्भात’ अशी सुरुवात करून, न मिळालेला तेवढाच एक भाग विचारायचा. संदर्भ दिला की पुनरावृत्ती म्हणून नाकारणं कठीण जातं आणि मंत्रालयाला आधीच्या आकड्याशी जुळवून घ्यावं लागतं. मी यासाठी एक साधी एक्सेल शीट ठेवतो: प्रश्न क्रमांक, तारीख, मंत्रालय, काय विचारलं, काय मिळालं, काय टाळलं, आश्वासनाची मुदत कधी संपते. शेवटचा रकाना तारखेने सॉर्ट करा आणि मोबाइलला रिमाइंडर लावा, बुलेटिनची वाट बघत बसलात की पंधरा दिवस कधी निघून जातात कळत नाही.